कंपवातात तोल डोळ्यांवर उभा असतो

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, असलेला माणूस पडला की घरातले आधी विचारतात, पाय कशावरून घसरला? आम्ही, म्हणजे या आजाराबरोबर वर्षानुवर्षं राहणारे शुभार्थी आणि त्यांचे शुभंकर, आता वेगळ्या गोष्टी विचारतो. उजेड किती होता? डोळ्यांवर कोणता चश्मा होता? गोळी घेऊन किती वेळ झाला होता? त्या क्षणी बोलणं चाललं होतं का, हातात काही होतं का, वळायचं होतं का? (शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात वापरले जातात. रुग्ण आणि काळजीवाहक यांपेक्षा ते आम्हाला जवळचे वाटतात, म्हणून इथेही तेच.)

ही उत्तरं एका साध्या शंभरपानी वहीत लिहायची. प्रत्यक्ष पडणं तर लिहायचंच, पण भिंतीला हात टेकला म्हणून वाचलो, तेही लिहायचं. चार आठवडे वही नेमाने भरली की त्या घराचा नकाशा दिसू लागतो. पहाटे संडासला जाताना, तिन्हीसांजेला दिवे लावायच्या आधी, फ्रिजचं दार ओढताना, खुर्चीत बसण्यासाठी मागे सरकताना, पुढची गोळी घ्यायच्या आधीच्या अर्ध्या तासात. ओली फरशीही त्यात असते, पण सगळा दोष तिचाच, असं वही भरल्यावर कुणी म्हणत नाही.

डोळ्यांकडे आम्ही वळतो ते यामुळेच. उभं राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि पावलं-घोटे-गुडघे यांतून येणारी सांध्यांची जाणीव. कंपवातात ही तिसरी खबर पुसट होते. पाऊल किती उचललं, अंग किती वाकलं, याचा आतला अंदाज चुकतो आणि मेंदू ती उणीव डोळ्यांकडून भरून घेतो. म्हणूनच बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माणूस हलतो. डोक्यावरून पाणी घेताना तोल जातो. दिवे गेले की जागीच अडकतो. आता अडचण अशी, की ज्या डोळ्यांवर हा सगळा भार पडतो त्यांनाही हाच आजार धरतो. कंपवातात मेंदूत जे रसायन कमी पडतं ते डोपामिन बनवणाऱ्या पेशी दृष्टिपटलातही असतात. त्यांचं काम मंदावलं तरी तक्त्यावरची काळी अक्षरं नीट वाचता येतात, चश्म्याचा नंबरही बदलत नाही, पण करड्या फरशीवरची करडी पायरी दिसत नाही. 'डोळे तपासले, ठीक आहेत' असा निरोप घेऊन घरी येणारे पुष्कळ असतात, तो निरोप खोटा नसतो, अपुरा असतो.

डोळ्यांकडे जाण्याआधी 'चक्कर' या शब्दाची फोड करावी लागते. आपल्याकडे सगळ्याला चक्करच म्हणतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तेवढंच जातं. आम्ही तीन प्रश्न विचारतो. घर फिरतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? की डोकं स्वच्छ असून नुसता तोल जातो? घर फिरत असेल, विशेषतः कुशीवर वळताना काही सेकंद, तर तो बहुधा कानाचा प्रश्न असतो आणि कानाचे डॉक्टर डोकं विशिष्ट रीतीने वळवून तो बरेचदा त्याच भेटीत सोडवतात. अंधारी येत असेल तर रक्तदाब बघायचा. तिसरं असेल तर तो कंपवाताचा तोल. ही फोड न करता चक्करेवरची गोळी सुरू झाली की नुकसान होतं. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन ही चक्करेसाठी सर्रास लिहिली जाणारी औषधं, तसंच मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड, डोपामिनचं काम अडवतात आणि कंपवात वाढवतात. चार दिवसांत माणूस ताठर होतो, अधिक पडतो आणि घरच्यांना वाटतं आजार पुढे गेला. या तीन औषधांची नावं जाड अक्षरात लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

रक्तदाब घरी असा मोजायचा: पाच मिनिटं आडवं पडून पहिलं माप. मग उभं राहून एक मिनिटाने दुसरं आणि तीन मिनिटांनी तिसरं. शुभंकराने बाजूला उभं राहायचं, मागे खाट किंवा खुर्ची असू द्यायची. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला तर तो उभं राहताना दाब पडण्याचा प्रकार आहे. सकाळी उठल्यावर, गोळीनंतर तासाभराने आणि जेवणानंतर, असं तीन-चार दिवस मोजून तो कागद न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचा. नुसतं बसून मोजलेलं माप इथे काहीच सांगत नाही. उठण्याच्या पंधरा मिनिटं आधी दोन पेले पाणी सलग पिणं, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १५-२० सेंटिमीटर उंच करणं, एकदम भरपेट न जेवणं, कढत पाण्याची आंघोळ टाळणं, एवढं लगेच करता येतं. मीठ वाढवणं किंवा रक्तदाबाची जुनी गोळी कमी करणं डॉक्टरांना विचारूनच. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाणही.

आता डोळे. तपासणीची वेळ गोळीचा परिणाम चांगला असताना, 'ऑन'मध्ये, घ्यायची. 'ऑफ'मध्ये, म्हणजे परिणाम उतरलेला असताना, मोजलेला नंबर आणि डोळ्यांची हालचाल वेगळी येऊ शकते आणि मग महाग चश्मा दिवसातल्या चुकीच्या वेळेसाठी बनतो. सगळ्या औषधांची यादी बरोबर न्यायची, प्रोस्टेटच्या गोळीसकट. त्यातलं टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत सैल पडू शकतो आणि सर्जनला ते आधी माहीत असावं लागतं. नेहमीच्या तपासणीखेरीज चार गोष्टी नाव घेऊन मागायच्या. फिक्या होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्यावर कॉन्ट्रास्टची, म्हणजे गडद-फिका फरक किती ओळखता येतो याची, तपासणी, दृष्टीच्या क्षेत्राची तपासणी, जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळतात का ते बघणं आणि अश्रू मोजण्याची कागदी पट्टी. ही पट्टी पाच मिनिटं खालच्या पापणीत ठेवतात, ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणाची शंका धरतात. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांत खुपतो. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या एकट्याने उतरू द्यायच्या नाहीत.

दोन दोन दिसणं ही तक्रार शुभार्थी स्वतःहून क्वचित सांगतात. ते म्हणतात, 'वाचायचा कंटाळा येतो.' पेपर बाजूला पडलेला दिसला की विचारायचं: शिरोरेखा दोन दिसतात का? ओळ सुटून खालच्या ओळीत जायला होतं का? मग एक डोळा हाताने झाकायचा. झाकल्यावर दोनाचं एक झालं तर दोन डोळ्यांचा मेळ बसत नाही, हे कंपवातातलं नेहमीचं कारण. एक डोळा झाकूनही दोन दिसत राहिलं तर प्रश्न त्या डोळ्यातलाच आहे: कोरडं बुबुळ, मोतीबिंदू, चुकीचा नंबर. एवढी एक माहिती डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचवते. दोन दिसणं अचानक सुरू झालं आणि सोबत तोंड वाकडं, बोलणं जड किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा असेल, तर त्याला कंपवात समजायचं नाही, सरळ इस्पितळ गाठायचं.

मेळ किती बिघडला आहे ते पेन्सिलीने कळतं. हातभर अंतरावर धरलेलं टोक हळूहळू नाकाकडे आणायचं आणि कुठे ते दोन होतं ते पट्टीने मोजायचं. निरोगी माणसाला साधारण १० सेंटिमीटरच्या आतपर्यंत एकच दिसतं. कंपवातात पुष्कळदा त्याआधीच दोन होतं. उपाय दोन आहेत. डोळ्यांचे व्यायाम, जे ऑर्थोप्टिस्टकडून, म्हणजे दोन डोळ्यांचा मेळ बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून, शिकून मगच करायचे, आणि प्रिझमचा, म्हणजे प्रकाश किंचित वळवून दोन प्रतिमा एकत्र आणणाऱ्या काचेचा, चश्मा. प्रिझम आधी काचेवर चिकटवायच्या पातळ चकतीचा घ्यावा. दोन-तीन आठवडे वापरून बघितला, उपयोग पटला, की मग काचेतच घडवून घ्यावा. घाईने पक्का केलेला प्रिझम औषधाचा डोस बदलल्यावर बसत नाही. आणि तो बहुतेक वेळा वाचायच्या चश्म्यालाच लागतो. तो घालून चालायचं नाही.

चालायचा चश्मा वेगळा, वाचायचा वेगळा. हे पटवायला वेळ लागतो, कारण वर्षानुवर्षं बायफोकलची सवय असते. बायफोकलचा खालचा भाग हातभर अंतरासाठी असतो. पायरी दीड मीटरवर असते. खाली बघितलं की पायरी त्या खालच्या भागातूनच दिसते, म्हणजे धूसर आणि जागेवरून किंचित सरकलेली. निरोगी माणूस मान खाली घालून वरच्या काचेतून बघतो. मान ताठर असलेल्याला ते जमत नाही आणि जमलं तर वजन पुढे जातं. वरून खाली नंबर हळूहळू बदलणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचांत कडेचं वाकडं दिसतं, तेही पायऱ्यांवर नको. दूरच्या नंबराचा एकेरी चश्मा चालायला, त्याची दोरी लाल. वाचायचा खुर्चीपाशी, त्याची दोरी काळी. दोऱ्यांचा रंग हा बारीक तपशील वाटेल, पण गोंधळ तिथेच होतो. जो घराबाहेर फारसा पडत नाही आणि ज्याला चश्म्यांची अदलाबदल लक्षात राहत नाही, त्याच्यावर मात्र हा बदल लादू नये. त्याच्या पायऱ्या आणि फरशी सुधारणं जास्त कामाचं.

पापण्यांची उघडझाप माणूस मिनिटाला सुमारे १५ ते २० वेळा करतो. कंपवातात ती निम्म्यावर आणि कधी त्याहूनही खाली येते. टीव्ही बघताना, न सांगता, मनगटावरच्या घड्याळाने एक मिनिट मोजा. डोळ्यांतून पाणी येतं म्हणून कोरडेपणा नसेल, असं नाही. कोरडं बुबुळ चुरचुरतं म्हणून पाणी येतं. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळा, गोळ्यांच्या वेळांना बांधून घेतले की विसरत नाहीत. त्याहून जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्वेटिव्ह) नसलेले मागायचे. रात्री जेल, पण ती घातल्यावर धूसर दिसतं, म्हणून खाटेवर पडल्यावरच. थेंब घालताना आडवं पडायचं, खालची पापणी ओढून खोबण करायची आणि बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवायचं, म्हणजे थरथर बाटलीपर्यंत पोचत नाही. दोन निरनिराळ्या औषधांच्या थेंबांत पाच मिनिटांचं अंतर हवं. पापण्यांच्या कडांना कोंडा धरत असेल तर कोमट ओल्या फडक्याने पाच-दहा मिनिटं शेक आणि मग कडा पुसून घेणं, हे रोज. छताचा पंखा थेट तोंडावर येत असेल तर खाट सरकवा. कित्येक ठिकाणी थेंबांइतकाच फरक त्याने पडतो.

थरथर कमी करायला दिलं जाणारं ट्रायहेक्सीफेनिडिल डोळे आणि तोंड कोरडं करतं, जवळचं धूसर करतं आणि उतारवयात गोंधळही वाढवतं. काचबिंदूचा चिंचोळ्या कोनाचा प्रकार असेल तर ते धोक्याचं. डोळा एकाएकी लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, ओकारी आली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. अमांटाडीन घेणाऱ्याची नजर हळूहळू धुरकट होत असेल तर बुबुळाची तपासणी मागायची. ते औषध क्वचित बुबुळाला सूज आणतं. मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्यावा, उगाच पिकू देऊ नये, कारण कॉन्ट्रास्ट आधीच कमी आहे. भिंग निवडताना एकाच अंतराचं घ्यावं. अनेक अंतरांच्या भिंगांनी कॉन्ट्रास्ट आणखी घटतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी राहायचं म्हणून कंपवाताची गोळी चुकवली जाते आणि मग टेबलावर थरथर आवरत नाही. घोटभर पाण्याबरोबर ती घेता येईल का, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी विचारून ठेवा.

घर बदलायला फार पैसे लागत नाहीत, नजर मात्र लागते. आम्ही मोबाइलवर प्रत्येक खोलीचा फोटो काढतो आणि तो काळा-पांढरा करतो. कंपवातात निळ्या-पिवळ्या छटांतला फरकही पुसट होतो, त्यामुळे रंग वेगळा असून भागत नाही, गडद-फिका फरक हवा. काळ्या-पांढऱ्या फोटोत जी कड दिसत नाही ती शुभार्थीलाही दिसत नाही, असं धरून चालायचं. पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी बादली अशा न्हाणीघराचा असा फोटो काढा, खोलीच गायब होते. कमोडवर गडद बैठक, गडद बादली-तांब्या, भिंतीत पक्के रोवलेले गडद रंगाचे आधाराचे गज. टॉवेलचा दांडा हा गज नव्हे, तो हातात येतो. गज मुठीत मावेल एवढा, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा. आंघोळ बसूनच करायची, स्टुलाला पाठ आणि हात हवेत. पाय घसरू नये म्हणून काळं पायपुसणं मात्र टाकू नका. फिकट फरशीवर ते खड्ड्यासारखं दिसतं आणि माणूस ते ओलांडायला मोठं पाऊल टाकतो किंवा तिथेच थबकतो. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर खिडकीचा उजेड पडला की तेच होतं, ती ओली वाटते. दुपारी तिथला पडदा ओढून घ्यायचा.

उंबरठा हा आपल्या घरांतला मोठा अडसर. कडप्प्याचा काळा उंबरठा काळ्या पट्ट्याच्या फरशीत मिसळून जातो. त्याच्या वरच्या कडेला पिवळी किंवा पांढरी पट्टी लावा. जिन्याला प्रत्येक पायरीच्या कडेवर ५ सेंटिमीटर रुंद पट्टी, आणि पहिल्या-शेवटच्या पायरीची वेगळी खूण, कारण पाय चुकतो तो जिना संपला असं वाटतं तिथे. कठडा दोन्ही बाजूंना आणि शेवटच्या पायरीच्या फूटभर पुढेपर्यंत. दारातला चपलांचा ढीग उचला. रांगोळी घालायचीच असेल तर दाराच्या बाजूला, वाटेत नको. वाटेवरची रांगोळी अडथळ्यासारखी दिसते आणि पाय तिथे अडतात.

ताटाचंही असंच आहे. पांढऱ्या ताटातला भात आणि ताक कुणालाही कमी दिसेल, आणि चकचकीत स्टीलच्या ताटात दिव्याचं प्रतिबिंब चमकतं. एकरंगी गडद ताट आणि कडेला थोडी उभी भिंत, एवढ्याने सांडणं कमी होतं. 'जेवण तसंच टाकतात' ही तक्रार काही घरांत ताट बदलल्यावर संपते.

रात्रीच्या वाटेवर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतो. खाटेपासून कमोडपर्यंत जमिनीलगत, हालचालीने आपोआप लागणारे छोटे दिवे, दर दीड-दोन मीटरला एक. वर लागणारा ट्यूबलाइट एकदम लावला की डोळे दिपतात आणि पुढची काही पावलं आंधळी जातात. उठल्यावर खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पाय दहा वेळा वरखाली हलवायचे, चश्मा घालायचा, मगच उभं राहायचं. पायजम्याची नाडी आणि साडीचा घोळ पायात येतो, रात्री गुडघ्याखाली लोंबणारं काही नको. वीज जाते त्या भागांत आपोआप लागणारा चार्जिंगचा दिवा वाटेच्या मध्यावर ठेवावा, उशाशी नव्हे. उशाशी बॅटरी.

पाय फरशीला चिकटणं हा डोळे आणि तोल यांच्या भेटीचा सगळ्यात विलक्षण प्रकार आहे. दारात, अरुंद जागेत, वळताना पाय उचलतच नाही. तोच माणूस जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या मात्र एकामागून एक ओलांडत जातो. आपोआप होणारी चाल बिघडली आहे, पण डोळ्यांनी बघून, ठरवून टाकलेलं पाऊल वेगळ्या वाटेने येतं. पट्ट्या अशा लावायच्या: चालण्याच्या दिशेला आडव्या, ४५ ते ६० सेंटिमीटर लांब, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. दोन पट्ट्यांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका. शुभार्थी चांगल्या वेळेत चालत असताना त्याचं पाऊल मोजा आणि तेवढंच ठेवा, बहुधा ४० ते ५० सेंटिमीटर येतं. दाराच्या आधी तीन आणि दारापलीकडे निदान दोन. दारातच थांबलेल्या पट्ट्या माणसालाही दारातच थांबवतात. साध्या चिकटपट्टीची कड फरशी पुसून पुसून उचलते आणि तीच पायात येते, म्हणून जमिनीवर वापरायची जाड पट्टी घ्या आणि महिन्यातून एकदा कडा तपासा. काही महिन्यांनी पट्ट्यांचा परिणाम कमी झाला तर त्या काढून दुसऱ्या रंगाच्या लावा.

बाहेर पट्ट्या नसतात. तिथे चार टप्पे: थांबा, ताठ व्हा, वजन डावीकडे-उजवीकडे झुलवा, मग मोठं पाऊल. शुभंकराने हात धरून ओढायचं नाही. ओढलं की वरचं अंग पुढे येतं आणि पाय मागेच राहतात. बाजूला, किंचित मागे उभं राहून शांतपणे म्हणायचं, 'बाबा, आधी थांबा. आता माझ्या पायावरून पलीकडे.' आणि आपलं पाऊल त्यांच्या पुढे आडवं ठेवायचं. ताल धरूनही सुटतं. ठराविक तालात टिकटिक करणारा मेट्रोनोम मोबाइलवर मिळतो, पण 'ज्ञानबा-तुकाराम'च्या ठेक्यावर ज्यांचे पाय तयार झाले आहेत त्यांना त्याची गरज लागत नाही. ठेका त्यांच्या सहज चालीइतकाच धरायचा. घाईचा ठेका पावलं बारीक करतो आणि माणूस पुढे धावत सुटतो.

वळणं जागेवर नाही. मोकळ्या जागेत अर्धवर्तुळ घ्यायचं. स्वयंपाकघरासारख्या चिंचोळ्या जागेत पायाखाली घड्याळ कल्पून बारावरून तीनवर, तीनवरून सहावर, दोन्ही पाय पूर्ण उचलून. पाय तसाच ठेवून कमरेतून वळलं की पाय एकमेकांत अडकतात. दार स्वतःकडे ओढायचं तेव्हा समोर उभं राहायचं नाही, बाजूला, एक पाऊल मागे रोवून. मागे जाणारा तोल सावरायला कंपवातात सगळ्यात कठीण, आणि फ्रिज, कपाट, वरच्या फळीवरचा डबा हे सगळे मागेच ढकलतात. डबे कमरेच्या उंचीवर आणा. चालताना बोलणं, हिशेब, हातात चहाचा कप, काहीही दुसरं काम नको. नातवंडांनाही शिकवा, 'आजोबा चालताना हाक मारायची नाही.' गर्दीत, फलाटावरून गाडी सुटताना, समोरचं सगळं हलत असेल तर डोळे खांबासारख्या स्थिर वस्तूवर ठेवायचे. दुचाकी मात्र बंद करायची. संथ वेगात ती तोलावरच उभी असते, आणि संध्याकाळी करड्या रस्त्यावरचा करडा खड्डा दिसत नाही. हे सांगणं घरात जड जातं, तरी अपघाताची वाट बघू नये.

चार पायांची काठी आणि उचलून ठेवायचा वॉकर दुकानदार आधी दाखवतात. बहुतेक शुभार्थींना ते सोसत नाहीत. उचलताना चालीचा ताल तुटतो आणि वजन मागे जातं. चाकांचा, ब्रेकचा, जड बुडाचा वॉकर बरा, पण फिजिओथेरपिस्टने चालवून दाखवल्यावरच घ्यावा. चपला मागे पट्टा असलेल्या. तळ घसरडा नको हे सगळे सांगतात. फार चिकट रबरी तळही नको, हे कमी जण सांगतात. पाय घासत चालणाऱ्याचा तो फरशीला अडतो आणि माणूस तोंडावर जातो.

गोळ्यांनी थरथर, ताठरपणा, संथपणा कमी होतो, तोल तेवढा सुधारत नाही. त्याला सरावच लागतो, आणि तो गोळी लागू झाल्यावर, साधारण पाऊण तासाने. ओट्यापाशी उभं राहून, मागे खुर्ची ठेवून: वजन डावी-उजवीकडे दहा वेळा, मोठं पाऊल पुढे टाकून परत दहा वेळा, बाजूला दहा वेळा, आणि सोबत कुणी असेल तरच मागे. डोळे उघडे, नजर समोर तीन-चार मीटरवर. ताई-ची या संथ चिनी व्यायामाचा २०१२ साली १९५ जणांवर अभ्यास झाला होता. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. तोल त्या गटाचा सगळ्यात चांगला सुधारला. आपल्याकडे शिकवणारे सगळीकडे नाहीत. त्यातलं तत्त्व, म्हणजे संथपणे वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, फिजिओथेरपिस्टकडून बसवून घेता येतं.

भासांबद्दल घरात लपवालपवी होते, म्हणून स्पष्ट लिहितो. खुंटीवरचा शर्ट माणूस वाटणं, मोझेक फरशीत चेहरे दिसणं, डोळ्यांच्या कडेने मांजर गेल्यासारखं वाटणं, पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटणं. कमी कॉन्ट्रास्ट, कमी उजेड आणि मेंदूतले बदल एकत्र आले की हे होतं. याला वेड लागणं म्हणत नाहीत. आधी उजेड वाढवा, खुंट्या रिकाम्या करा, फुलाफुलांचे पडदे बदला, चश्मा घाला. भास एकाएकी वाढले तर लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं आणि नवीन औषध या तीन गोष्टी आधी तपासून घ्यायच्या. 'तिथे कुणी नाही' म्हणून वाद घालू नये, दिवा लावून जवळ जाऊन हात लावून दाखवावं. आणि न्यूरॉलॉजिस्टला सांगावंच. झोपेसाठी किंवा चिडचिडीसाठी परस्पर हॅलोपेरिडॉल देऊ नये, तेही डोपामिन अडवतं.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. आजाराच्या पहिल्याच वर्षात वारंवार पडणं, तेही मागे, आणि डोळे खाली वळवता न येणं, म्हणजे ताटात बघता न येणं, जिन्याची खालची पायरी न दिसणं. कंपवातात तोल सहसा उशिरा बिघडतो. आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या, हूएन आणि यार यांच्या १९६७ सालच्या मापात तो तिसऱ्या टप्प्यावर येतो. आरंभीच असं होत असेल तर प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हा वेगळा आजार असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञाला 'डोळे खाली जात नाहीत' हे याच शब्दांत सांगा. अशा माणसाला बायफोकलचा खालचा भाग वापरताच येत नाही. वाचायचं ते डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर ठेवावं लागतं.

एवढं करूनही माणूस पडतो. तेव्हा काखेत हात घालून झटक्याने उचलू नका, खांदा निखळतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. आधी एक मिनिट तसंच पडून राहू द्या. कुठे दुखतं, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, डोकं आपटलं का, हे बघा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी इस्पितळात जायचं. काही नसेल तर कुशीवर वळवा, मग हात-गुडघ्यांवर. एक भक्कम, न सरकणारी खुर्ची समोर आणून ठेवा. दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढे रोवून, तीन म्हणता जोर लावून वर, आणि लगेच दुसरी खुर्ची मागून सरकवून बसवा. उभं झाल्यावर अंधारी येऊ शकते, म्हणून चालायची घाई नाही. पाणी द्या, रक्तदाब मोजा आणि वही उघडून लिहा: वेळ, जागा, उजेड, चश्मा, आधीची गोळी किती वाजता.